चुलीचा तिसरा दगड

तळ्याच्या पाण्यात एक हिरवी मिनीबस उभी आहे. मागची चाकं दिसत नाहीत, पाणी खिडक्यांच्या खालच्या कडेला टेकलेलं आहे आणि एका उघड्या खिडकीतून बाहेर आलेला जांभळ्या साडीचा पडदा पाण्यावर पसरून हळूहळू डोलतो आहे. शरद ऋतूतली सकाळ, आकाश धुऊन काढल्यासारखं निळं, ऊन अजून कोवळं. काठावर माझी बायको उभी आहे. आणि बसच्या मागच्या दारातून माझा मेहुणा दिनकर, छातीभर पाण्यातून, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन बाहेर येतो आहे. तिचे केस निथळताहेत आणि ती हसते आहे! मामानं मुद्दाम गंमत केली अशी तिची समजूत. काठावर पाय टेकताच ती म्हणाली, "मामा, परत!"

हे चित्र आमच्या घरातल्या प्रत्येकाजवळ आहे. म्हातारपणी लोक स्वतःच्या बालपणाबद्दल लिहितात. मला माझ्या मुलांच्या बालपणाबद्दल लिहायचं आहे, कारण त्यातली एक आठवण मी खोटी करून ठेवली. गेली तीसेक वर्षं आमच्याकडे ही गोष्ट अशी सांगितली जाते, की दिनूमामा उतारावर गाडी उभी करताना चाकाला दगड लावायला विसरला, आणि गाडी तळ्यात गेली. गाडी तळ्यात गेली हे खरं. पण दिनू विसरला नव्हता. हे मला त्या दिवसापासून माहीत होतं, आणि परवा-परवापर्यंत फक्त मलाच माहीत होतं.

तेव्हा आम्ही बडोद्याच्या प्रतापनगरला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी वर्कशॉपमध्ये फिटर होतो. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकातून आत शिरायचा, आणि संध्याकाळी घरी परतताना कपड्यांना ग्रीसचा, लोखंडाच्या किसाचा एक वास चिकटलेला असायचा — तो साबणानं जात नसे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. नव्वदीची सुरुवात होती. बडोद्यात नव्या नव्या गोष्टी येत होत्या. आमच्या लाइनीत केबल आली. त्या केबलवर एका रविवारी माझ्या मुलांनी, म्हणजे अकरा वर्षांच्या मंदारनं आणि सहा वर्षांच्या चिनूनं, परदेशातला एक कार्यक्रम पाहिला. एक म्हातारा-म्हातारी, त्यांची नातवंडं आणि एक भलीमोठी गाडी, जिच्यात पलंग, शेगडी, टेबल, सगळं होतं. ती गाडी एका अथांग सरोवराच्या काठाकाठानं चालली होती आणि दोन्ही बाजूंची झाडं लाल, केशरी, पिवळी झाली होती. वाटेल तिथे थांबायचं, दार उघडायचं, पाण्याकडे पाहत कॉफी प्यायची...

मुलं तोंड उघडं टाकून पाहत होती. त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, दिनूही तसाच पाहत होता.

"जो ने, ताई, बघ!" तो माझ्या बायकोला म्हणाला. "हे तर आपल्यालाही जमेल!"

"आधी तुझ्या स्कूटरला आरसा लाव," सुलभा स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग घराला चाकं लाव."

दिनू हा सुलभाचा धाकटा भाऊ. पाणीगेटला दोन खोल्यांत राहायचा. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोडे सांभाळायला होते, आणि ही गोष्ट दिनू बोलता बोलता कुठूनही आणायचा. तो एका कारखान्याची स्टाफ बस चालवत असे. कारखाना बंद पडला, आणि निघताना त्यानं तिथली एक जुनी मिनीबस पदरात पाडून घेतली. "पणजोबांनी महाराजांचे घोडे राखले," तो म्हणे, "मी हिला राखणार." पण हिला घेऊन करायचं काय, ते त्याला त्या रविवारपर्यंत सुचलं नव्हतं. टीव्हीवरचं ते चालतं घर पाहिलं आणि त्याचे डोळेच बदलले. गाडीत घर करायचं, आणि बडोद्याच्या हौशी कुटुंबांना तळ्याकाठी दोन-तीन दिवस फिरवून आणायचं! पहिली सफर आपलीच, तीही दसरा झाल्यावर, शाळेला सुटी लागली की.

"तुम्ही पास केलंत दाजी, की मग मी कुणालाही नेईन," तो मला म्हणाला. हसत म्हणाला, पण मला कळलं की त्या तीन दिवसांवर त्याचं पुढचं सगळं उभं राहायचं आहे.

सहा-सात रविवार आम्ही पाणीगेटच्या बाहेर एका पटांगणात ती गाडी घडवत होतो. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे रविवार. बाकं काढली, रेल्वेच्या डब्यात असतात तसे साखळीनं टांगलेले दोन बर्थ मी बसवले, खाली सामानाची पेटी. माठाला लोखंडी कडं. वातीच्या स्टोव्हला चारी बाजूंनी पत्रा. सुलभानं तिच्या जुन्या जांभळ्या साडीचे पडदे शिवले. मंदारनं आतल्या पत्र्यावर बदकांची एक ओळ काढली, ती कोंबड्यांसारखी दिसत होती. रंग हिरवा, कारण दिनूला तोच स्वस्तात मिळाला. ताज्या रंगाचा, डिझेलचा, नव्या प्लायवुडचा आणि सुलभाच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा मिळून त्या गाडीला एक वास होता... आजही कुठे नवं फर्निचर आलं की मी क्षणभर थांबतो. चिनूनं तिचं नाव ठेवलं — घरगाडी.

घरगाडीत एक उणेपण होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हँडब्रेक नावापुरता होता, आणि उतारावर उभी असताना गिअर कधीकधी आपोआप सुटायचा. दिवाळीनंतर दोन्ही कामं करून घ्यायची असं ठरलं होतं. तोवर दिनूची एक रीत होती: गाडी कुठेही थांबो, तो आधी उतरायचा, चांगला दगड शोधायचा, तो मागच्या डाव्या चाकाखाली सारायचा आणि टाचेनं दोनदा ठोकायचा. मग म्हणायचा, "चालो, उतरा." त्याआधी कुणी उतरायचं नाही.

मला ही रीत मनापासून पटायची, कारण आमच्या वर्कशॉपात हाच कायदा होता. डब्याखाली माणूस काम करत असला, की चाकाला लाकडी गुटका आणि डब्याला लाल पाटी. आणि ज्यानं गुटका लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कुणी, अगदी साहेबानंसुद्धा, हात लावायचा नाही. हे मी नव्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की घरीसुद्धा मंदार माझी नक्कल करायचा. कुणी त्याचा पेन घेतला की कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "ज्यानं लावला त्यानंच काढायचा!"

निघालो. डभोईच्या रस्त्याला लागलो तेव्हा सकाळचं धुकं शेतांवरून उठत होतं. दोन्ही बाजूंना कापूस. काही बोंडं फुटलेली. भात पिवळं पडायला लागलं होतं. टीव्हीवरच्यासारखी लाल झाडं आपल्याकडे कुठली? पण एरंडाची कोवळी पानं तांबूस होती, आणि बांधावरचं गवत उन्हात सोनेरी झालं होतं. चिनूला तेवढं पुरलं. ती वरच्या बर्थवर पालथी पडून खिडकीतून ओरडत होती, "आलं! परदेश आलं!"

डभोईपलीकडे वढवाण्याचं तळं आहे. संस्थानच्या काळात शेतीसाठी बांधलेलं, पण पाहिल्यावर कुणी बांधलं असेल असं वाटत नाही, इतकं मोठं. एका बाजूला उंच बांध. बाकीच्या काठांना शेतं, बाभळी, लव्हाळे. पहिले दोन दिवस आम्ही काठाकाठानं रमतगमत फिरलो. जिथे जिवाला वाटलं तिथे थांबलो. दिनू उतरायचा, दगड लावायचा, टाच मारायचा, "चालो, उतरा"... आणि आम्ही उतरायचो. बडोद्याचा ओलसर लीलो चेवडो खायचा, पाण्यात पाय सोडायचे. थंडीची पाहुणी बदकं नुकतीच यायला लागली होती. पहाटे त्यांच्या पंखांचा सरसर आवाज डोक्यावरून जायचा. सुलभा, जिनं लग्नानंतर बारा वर्षं एकही सकाळ भोंग्याच्या धास्तीशिवाय पाहिली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत चहाचा कप घेऊन गाडीच्या पायरीवर बसून राहिली. नंतर एवढंच म्हणाली, "दिन्या, तुला अक्कल आहे रे."

"लिहून दे," दिनू म्हणाला. "आईला दाखवतो."

हे दोन दिवस मला मिळाले, याबद्दल मी कुणाचे आभार मानू कळत नाही. माणसाला आयुष्यात सुखाचे दिवस पुष्कळ येतात, पण ते सुखाचे आहेत हे त्याच वेळी कळण्याचे थोडे. त्या दोन दिवसांत मला ते कळलं होतं. म्हणूनच तिसऱ्या दिवसाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही नवीन जागी गेलो. काठ तिथे पाण्यापर्यंत सरळ उतरत गेला होता. मुलांना मागचं दार उघडलं की समोर पाणी हवं होतं, म्हणून दिनूनं गाडी पाठमोरी लावली. सगळीकडे मऊ काळी माती. दगड कुठेच नाही. नेहमीप्रमाणे मला स्टिअरिंगवर बसवून, ब्रेकवर पाय दाबून ठेवायला सांगून, दिनू चढ चढून वर डांबरी रस्त्यापर्यंत गेला. मी समोरच्या काचेतून पाहत होतो. तो परत आला तेव्हा त्यानं एक काळा, खडबडीत दगड दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तो त्यानं चाकाखाली सारला आणि टाचेनं ठोकला — दोनदा; ते मी डाव्या बाजूच्या आरशात पाहिलं. सुलभा आत पिठाच्या डब्याशी होती, मंदार दारातून पाण्याकडे पाहत होता, चिनू झोपली होती. त्याला दगड लावताना पाहिलं ते मी एकट्यानं.

थोड्या वेळानं शिंगाडे काढणारा एक माणूस काठाशी आला. उलट्या घागरीवर पोट टेकवून तो वेलींतून फिरत होता. कमरेची झोळी हिरव्या शिंगाड्यांनी फुगली होती.

"लो बेन, ताजां छे," त्यानं सुलभाला हाक दिली. "बाफीने खवडावो छोकराओने."

उकडून मुलांना द्यायला सुलभानं पातेलं भरून घेतले. पण वाऱ्यानं स्टोव्ह पेटेना. दोनदा पेटवला, दोनदा भकभक करून विझला. मंदारला तर तेच हवं होतं. "बाबा, चूल करू! चूल!" त्यानं बाभळीच्या काटक्या गोळा केल्या. आमच्याआधी कुणीतरी तिथे चूल मांडली असावी, दोन काळ्या पडलेल्या विटा पडल्या होत्या. तिसरी नव्हती. मी इकडे तिकडे पाहिलं. सगळी माती. रस्त्यापर्यंत चढून जायचा मला कंटाळा आला... एवढंच. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

मी गाडीच्या मागे गेलो आणि चाकाखालचा दगड काढला.

गाडी हलली नाही. मी थांबून पाहिलं होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. चाक ओल्या मातीत चार बोटं रुतलं होतं आणि गाडी जागच्या जागी होती. म्हटलं, पाणी उकळलं की लगेच जागेवर ठेवू. दिनूला सांगावं असं मनात आलं, पण तो खाली गुडघाभर पाण्यात कळशी भरत होता, आणि सांगितलं असतं तर त्यानं मंदारच्या देखत मला माझाच कायदा ऐकवला असता. ज्यानं लावला त्यानंच काढायचा! पोरासमोर हसं नको, म्हणून मी बोललो नाही. सुलभा शिंगाडे धुवत होती, मंदार काटक्या मोडत होता; दगड कुठून आणला ते दोघांनीही पाहिलं नाही.

शिंगाडे उकळायला लागले. त्यांचा एक वास असतो, ओल्या मातीचा आणि भाजलेल्या कणसाचा मिळून. मंदार फुंकर मारत होता. आणि तेवढ्यात आत चिनू जागी झाली आणि नेहमीप्रमाणे वरच्या बर्थवरून तिनं धपकन खाली उडी मारली.

गाडी आधी नुसती करकरली. मग मातीतून चाक वर आलं, आणि ती निघाली. फार वेगानं नाही — हेच भयंकर होतं, की ती सावकाश, मागे मागे, एखादं जनावर पाण्यावर जातं तशी तळ्याकडे निघाली. मी धावलो. पुढचा बंपर धरला. माझ्या हातांनी ती काय थांबणार होती? पाण्याची दुसरी खेप भरणाऱ्या दिनूनं कळशी टाकली. तो बाजूला झाला नाही. तो तिच्याच दिशेनं झेपावला, मागच्या दाराचा दांडा धरून आत चढला, आणि गाडी त्याला घेऊन पाण्यात शिरली. गाळात रुतून ती थांबली तेव्हा पाणी खिडक्यांना लागलं होतं. आणि मग तो बाहेर आला, चिनूला खांद्यावर घेऊन. मुलगी हसत होती. पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या क्षणाबद्दल मी रोज आभार मानतो. पण त्यापुढच्या क्षणी मी काय केलं तेही सांगायला हवं.

सगळे चिनूभोवती गोळा झाले होते. मी वळलो आणि चुलीपाशी गेलो. पातेल्यातलं पाणी विस्तवावर ओतलं, जणू विस्तव विझवणं हे त्या घटकेचं काम होतं. एक वीट उचलून तळ्यात फेकली, दुसरी फेकली. मग तो काळा दगड. तो तापलेला होता. तळहाताची कातडी चर्रकन भाजली तरी मी तो सोडला नाही, पाण्याच्या कडेला नेला आणि जितक्या लांब जमलं तितक्या लांब टाकला. फस्स असा आवाज झाला, थोडी वाफ उठली, संपलं.

मी परतलो तेव्हा दिनू चिखलातल्या चाकांच्या खुणांपाशी ओणवा झाला होता. कपडे निथळत होते.

"दाजी, मी दगड लावला होता," तो म्हणाला. मग खुणांकडे पाहत राहिला. तिथे दगड नव्हता. चाकानं ढकललेला, मातीत दबलेला, काहीच नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लावला होता ना?"

मी म्हणालो, "बघ बाबा. मी काही पाहिलं नाही."

तेवढंच वाक्य. त्याचा चेहरा माझ्यासमोर बदलला. मी त्याच्यावर आळ घेतला असता तर तो भांडला असता. मी त्याला त्याच्याच मनाशी एकटं सोडलं. "कालचा दगड आठवत असेल मला," तो स्वतःशी पुटपुटला. "कालचाच असेल..."

सुलभा उठली. चिनूला पदरात घट्ट गुंडाळून तिनं आपल्या भावाला सांगितलं, "आज मला देवानं पोर परत दिलं. तुझ्या गाडीत माझी मुलं पुन्हा बसणार नाहीत, दिनू. कधीच नाही."

तो मान खाली घालून "हो ताई" म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "हे कसं झालं? गाडी धरायला गेलात?" त्यानं आपला ओला रुमाल पिळला आणि माझ्या भाजलेल्या तळहाताला गुंडाळून हलकी गाठ मारली. मी बांधू दिला.

दुपारी गावातल्या ट्रॅक्टरनं गाडी बाहेर ओढली. दिनूनं ती नंतर मोडीत दिली. कुटुंबांना तळ्याकाठी न्यायचं त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. पण याहून मोठं एक झालं, आणि ते हळूहळू लक्षात आलं: त्यानं गाडी चालवणंच सोडलं. ज्या माणसाच्या हातात पणजोबांपासूनचा लगाम होता असं तो अभिमानानं सांगायचा, तो बडोद्यातच तरसालीला राहायला गेला, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागला आणि शेवटपर्यंत सायकलनं जात राहिला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझं लक्ष राहत नाही हो. चाकाला दगड लावायचा राहिला तर?"

आणि आम्ही त्याचा विनोद केला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मुलांचा मामावर फार जीव. पण मंदार मोठा झाला तरी रस्त्यात पाणी साचलं की म्हणायचा, "मामा, हे तळं नाही ना?" दिवाळीत, मुंजीत, कुणी नवी गाडी घेतली की, "मामाला किल्ली देऊ नका हं, पोहायला नेईल!" दिनूची मुलगी पूर्वा हिच्या लग्नात व्याह्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, आणि भर पंगतीत त्यांनी ती सगळ्यांना सांगितली. सगळे हसले. दिनूही हसला. मी त्याच्या शेजारच्या पाटावर होतो. मीही हसलो.

तीस वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो, की आता बोलून काय होणार, जुनी गोष्ट, तोही विसरला असेल. मग यंदा पावसाळा सरता सरता मी त्याला भेटायला तरसालीला गेलो. त्याची तब्येत जरा बरी नव्हती. म्हणजे ताप वगैरे नव्हता. दोनदा गॅस चालू राहिला होता, एकदा दुकानातून घरी यायचा रस्ता सापडला नव्हता. त्याची बायको मीना चहा ठेवायला आत गेली होती.

"डॉक्टरनं विचारलं, हे विसरणं कधीपासून सुरू झालं?" दिनू मला म्हणाला. आणि हसून म्हणाला, "मी म्हटलं, साहेब, जुनं दुखणं आहे. तळ्यावर दगड विसरलो होतो, तिथपासून."

डॉक्टरच्या कागदावर! मी लपवलेला दगड त्याच्या आजाराचा पहिला दिवस म्हणून लिहिला गेला होता.

"दिनू," मी म्हणालो, "तू दगड लावला होतास."

"जाऊ द्या हो दाजी. आता काय समजूत घालता."

"समजूत नाही. रस्त्यापर्यंत चढून तू तो आणलास, छातीशी धरून. काळा, खडबडीत. मी आरशात पाहिलं. तू लावलास, आणि मी काढला. चुलीला तिसरा दगड नव्हता म्हणून."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"शिंगाड्यांसाठी?" तो म्हणाला.

"शिंगाड्यांसाठी. आणि नंतर तळ्यात टाकला. हात त्यानंच भाजला होता."

तो उठला. मला वाटलं, मला घराबाहेर काढतो आहे. काढलं असतं तर बरंच झालं असतं. पण तो आत गेला, आणि परीक्षेचा निकाल घेऊन आलेल्या पोरासारखा त्याचा आवाज मी ऐकला: "मीना! अगं मीना, ऐकलंस? मी लावला होता!"

राग त्याला नंतर आला. बाहेर येऊन, उभ्यानंच. "तीस वर्षं, दाजी? पूर्वाच्या लग्नात माझ्या बाजूला बसून हसलात तुम्ही."

"हसलो."

"मला वाटायचं माझ्या डोक्यातच काहीतरी..." तो थांबला. मीनानं आणलेला कप त्यानं माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "चहा घ्या. निवतोय." आणि मी निघताना दारापर्यंत आला. "हे लिहून द्या मला. सगळं. मी आता विसरणार, दाजी, डॉक्टर म्हणतो ते खरं आहे. आणि विसरलो, की मला पुन्हा ते जुनंच खरं वाटायला लागेल."

म्हणून हे लिहिलं.

सुलभाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं जुडी निवडून संपवली, देठ कागदात गुंडाळले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एकटीच रिक्षा करून तरसालीला गेली. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात. त्याला बोलत मी होते, अहो. तीस वर्षं मी बोलत होते." चिनू आता पुण्याला असते. तिला फोनवर सांगितलं. "बाबा, मला तो दिवस लहानपणातला सगळ्यात मजेचा म्हणून आठवतो," ती म्हणाली. "मामाबरोबर असे अजून किती दिवस मिळाले असते..." मंदारनं रजा टाकली आणि येऊन मामाच्या पाया पडून गेला.

ते गेलेले दिवस मला परत आणता येत नाहीत. मुलांच्या किती शरद ऋतूंत तळी भरलेली होती, आणि त्यांच्या काठांवर आम्ही नव्हतो. पण दिनू आहे, ऐकायला आहे, रागवायला आहे. माझ्यासारख्या माणसाला एवढं मिळणं पुष्कळ झालं. दर रविवारी मी तरसालीला जातो. काही रविवारी त्याला सगळं आठवत असतं, आणि मला पाहिलं की तो चिडतो, टोमणे मारतो. तो दिवस मला चांगला जातो. काही रविवारी मात्र तो खुर्चीत पुढे सरकून हलक्या आवाजात मला विचारतो, "दाजी, त्या तळ्यावर मी दगड विसरलो होतो ना?"

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. काही गाळत नाही. तो ऐकून घेतो, उठतो, भिंतीला हात लावत लावत आत जातो. "मीना, ऐकलंस? मी लावला होता!"

आणि मीना हातातलं काम ठेवून, दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी म्हणते, "हो ना. मला ठाऊकच होतं."